हुंडा नको, दिवाळसण चालेल

अमेरिकेला निघालात ना? मग बॅगा भरायच्या आधी इन्स्टाग्रामचं कुलूप काढा. विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी आपली सगळी खाती सताड उघडी ठेवायची, असा तिथल्या सरकारचा जून २०२५ पासूनचा हुकूम आहे. डिसेंबरात तो एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही लागू झाला. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठल्या नावाने वावरलात, ते अर्जात लिहून द्यायचं कलम तर २०१९ पासूनच आहे.

माझ्या भाचीने पुण्यात बसून रात्री दोन वाजता खातं उघडं केलं आणि मला इकडे न्यू जर्सीत एडिसनला फोन लावला.

"मामा, दुसऱ्याच्या पोस्टवर केलेलं लाइक पण बघतात का रे?"

"काय लाइक केलंयस?"

"एक मीम होतं. टॅरिफवर."

मी म्हटलं, काढून टाक. तिने काढलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, "काढून टाकलेलं कळतं का त्यांना?" मला भरून आलं. पोरगी व्हिसाच्या आधीच अमेरिकन झाली होती.

तर पहिला सल्ला हा की घाबरू नका. तुमचे फोन कुणी ऐकत नाही. खुद्द ओबामांनी जून २०१३ मध्ये तसं जाहीर सांगितलं होतं. ऐकत नाहीत म्हणजे ऐकत नाहीत, फक्त कुणी कुणाला कधी फोन केला आणि किती वेळ बोलले, तेवढंच लिहून ठेवायचे. आमच्या वाड्यातल्या काकूही कधी कुणाचं बोलणं ऐकत नसत. कोण कुणाकडे किती वाजता गेलं आणि किती वाजता बाहेर पडलं, एवढंच त्या खिडकीतून पाहत. अख्ख्या वाड्याची लफडी त्यांना तोंडपाठ होती.

कधी पकडले गेलात, तर काय बोलावं हेही शिकून घ्या. मार्च २०१३ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना समितीपुढे सरळ विचारलं, एनएसए (फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी सरकारी संस्था) कोट्यवधी अमेरिकनांची कसलीही माहिती गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, "नाही, सर." मग डोकं खाजवत पुस्ती जोडली, "जाणूनबुजून नाही." तीन महिन्यांत एनएसएसाठीच काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिचे गुप्त कागद बाहेर काढले. तेव्हा साहेबांनी खुलासा केला की आपण त्यातल्या त्यात सर्वांत कमी खोटं उत्तर दिलं होतं. हे वाक्य पाठ करून ठेवा. रात्री उशिरा घरी आल्यावर बायकोने काही विचारलं तर वापरून बघा आणि मला कळवा. क्लॅपर यांच्यावर खटला वगैरे झाला नाही. जानेवारी २०१७ पर्यंत खुर्चीवर होते, मग टीव्हीवर विश्लेषक झाले. स्नोडेन मॉस्कोत आहे. यातलं कुणाचं करिअर गिरवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हे सगळं कायदेशीर बरं का! पाळतीला परवानगी द्यायला वेगळं गुप्त कोर्टच आहे. १९७९ ते २०१२ या काळात त्याच्याकडे सुमारे ३४ हजार अर्ज आले, त्यातले ११ नामंजूर झाले. आमच्या सोसायटीत जिन्यात चपला ठेवायच्या परवानगीला याहून जास्त नकार मिळतात. तरीही गैरवापराची शंका येत असेल, तर एनएसएच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये दिलेली यादी वाचा. दहा वर्षांत जाणूनबुजून केलेले फक्त बारा प्रकार. त्यातल्या एका पठ्ठ्याने यंत्रणा हाती आल्याच्या पहिल्याच दिवशी जुन्या मैत्रिणीचे सहा ईमेल पत्ते तपासून घेतले. नवीन नोकरीत पहिल्या दिवशी आपण कॉफीचं मशीन कुठे आहे ते शोधतो. देशप्रेम म्हणतात ते हे.

पुढे एफबीआयने परदेशी लोकांवर नजर ठेवून जमवलेल्या माहितीच्या साठ्यात काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, एका उमेदवाराला देणग्या दिलेल्या १९ हजार जणांची नावं घालून पाहिली. ते २०२३ मध्ये कोर्टाच्याच कागदांतून बाहेर आलं. म्हणून सांगतो, राजकारणात वर्गणी द्यायचीच असेल तर पन्नास-शंभर डॉलर देऊ नका. लहान देणगीदाराला शोधावं लागतं. मोठा देणगीदार नेत्याच्या शेजारीच जेवायला बसलेला असतो, त्याला कोण कशाला शोधेल?

आता पैशाचं.

तुम्ही भारतातून येताय, तेव्हा फाइलवर वजन ठेवण्याचा अनुभव गाठीशी असेल. तो विसरा, आपलं तंत्र फार जुनाट आहे. इथेही काही जण त्याच जुनाट तंत्राने फसले. लुइझियानाचे काँग्रेसमन विल्यम जेफरसन यांच्या वॉशिंग्टनच्या घरात २००५ मध्ये फ्रीजरमध्ये ९० हजार डॉलर सापडले, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये नीट गुंडाळून खाद्यपदार्थांच्या खोक्यांत ठेवलेले. (मतदारांनी पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा निवडून दिलं. अन्न वाया घालवू नये.) आमच्या न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ तर सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या घरी ४ लाख ८० हजारांहून जास्त रोकड निघाली, पाकिटांत, कपाटांत, जाकिटांच्या खिशांत. एका जाकिटावर त्यांचं नावही भरतकामात काढलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं म्हणायची सोय नाही. शिवाय सोन्याच्या लगडी. आईवडील क्युबाचे, तिथे मालमत्ता जप्त व्हायची, म्हणून अडीअडचणीला घरात रोख ठेवायची सवय, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांना खरी नडली ती वेगळीच गोष्ट. एक किलो सोन्याची किंमत किती, असं त्यांनी गूगलला विचारलं होतं! अहो, भाव विचारायचा तर सराफाकडे चालत जावं. परराष्ट्र समितीवर बसलेल्या माणसाला स्वतःच्याच देशातली पाळत ठाऊक नसावी? अकरा वर्षांची शिक्षा झाली.

शिकायचं असेल तर इंडियानातल्या पोर्टेज नावाच्या लहानशा गावाच्या महापौरांकडून शिका. जेम्स स्नायडर त्यांचं नाव. २०१३ मध्ये गावाने कचरागाड्यांची सुमारे ११ लाख डॉलरची खरेदी एका ट्रक कंपनीकडून केली. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने महापौरांना १३ हजारांचा चेक दिला. सल्ल्याचा मोबदला, असं महापौरांचं म्हणणं. ज्युरीने दोषी ठरवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की त्यांना ज्या केंद्रीय कायद्याखाली दोषी ठरवलं त्यात फक्त लाच बसते, बक्षिशी बसत नाही. लाच म्हणजे काम होण्याआधी ठरलेली. काम झाल्यावर कृतज्ञतेपोटी दिली ती बक्षिशी. निकालपत्रात शिक्षिकेला दिलेली भेटवस्तूंची टोपली आणि पोस्टमनला दिलेली टिप यांची उदाहरणं आहेत. पोस्टमनला टिप देणं आणि महापौरांना १३ हजार देणं यात फरक काय? पोस्टमन बिचारा पत्र तरी आणून देतो.

परक्यांना हा निकाल समजायला जड जातो, आपल्याला जाऊ नये. लग्नाआधी मागितला तर हुंडा, लग्नानंतर दिला तर दिवाळसण. हुंड्याला तुरुंग आहे, दिवाळसणाला पाट-रांगोळी आहे. जावई तोच, स्कूटरही तीच. सासरेबुवांनी फक्त कॅलेंडर बघायचं. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधात लिहिताना म्हटलं की हा असला अर्थ फक्त आजच्या या कोर्टालाच आवडू शकतो. त्यांच्या माहेरी दिवाळसण नसावा. (राज्याराज्यांचे कायदे वेगळे असतात. ते चेक फाडायच्या आधी बघून घ्या, नंतर मला बोल लावू नका.)

आणि काम म्हणजे तरी काय? व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांना एका उद्योजकाने रोलेक्स घड्याळासकट पावणेदोन लाख डॉलरच्या भेटवस्तू आणि कर्जं दिली होती. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमुखाने सांगितलं की नुसती भेट घालून देणं किंवा फोन लावून देणं म्हणजे सरकारी काम नव्हे. आमच्या तालुक्याच्या कचेरीतला शिपाई आयुष्यभर हेच सांगत आला, "मी काय करतो साहेब, नुसती गाठ घालून देतो." त्याला उगाच निलंबित केलं.

राहिला लोकांचा विश्वास. १९५८ मध्ये ७३ टक्के अमेरिकनांना वॉशिंग्टनचं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असं वाटायचं. प्यू या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ते २२ टक्के होते. हे २२ टक्के कोण, याचं मला फार कुतूहल होतं. आता वाटतं, प्रश्न विचारणारा सरकारचाच माणूस आहे अशी त्यांना शंका आली असावी. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही पूर्ण विश्वास आहे असंच सांगा. मीही इथे तेच लिहितोय, नोंद घेतली जावी.

भाची ऑगस्टमध्ये सुखरूप पोचली. खातं अजून उघडंच आहे, बंद केलं तर काय समजतील म्हणून. परवा ती शनिवार-रविवारची आमच्याकडे आली होती. तिच्या आईने तिच्याबरोबर पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, त्या आम्ही पुरवून पुरवून खातोय. तिने फ्रीजर उघडला, खालच्या कप्प्यातली फॉइलमध्ये गुंडाळलेली चवड बाहेर काढली आणि फोटो टाकायला फोन उचलला.

मी ओरडलो, "थांब! आधी फॉइल काढ."