कोन कशाला, दगड हायेत की!

गाडीला काळी फिल्म लावून झाली, मागच्या काचेवर 'आईची कृपा' लिहून झालं, सायलेन्सर बदलून अख्ख्या गल्लीची झोपमोड करून झाली. आता पुढं काय, या चिंतेत तुम्ही असाल तर तुमच्यासाठी एक खेळ आहे. त्याचं नाव ऑटोक्रॉस. मोकळं सपाट मैदान बघायचं, नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. अमेरिकेत हौशी लोक मोठमोठ्या पार्किंगच्या जागेत हा खेळ खेळतात. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढवतात, संपला दंड. बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत.

ऐकून विरस झाला ना? समोरून गाडी नाही, बाजूला झाड नाही, धडकायचं तर प्लास्टिकला. असला निर्धोक खेळ आपल्या काळ्या मातीत रुजायचा कसा? म्हणून त्यात आपल्या पद्धतीनं काय सुधारणा करायच्या, ते सांगतो. तीन वर्षांचा अनुभव आहे माझ्याकडं, आणि डाव्या दारावर एक पोचा.

पहिला प्रश्न जागेचा. खरे ट्रॅक आपल्यापासून लांब. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइमतूरला कारी, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, जिथं २०११ मध्ये फॉर्म्युला वन झाली. तिथं गाडी वळणावरून सुटली तर थांबायला मोकळी कड असते, खडीचे पट्टे असतात, टायरच्या भिंती असतात, झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. एवढा बंदोबस्त आपल्याकडं फक्त मंत्र्यांच्या दौऱ्याला होतो. आपण एमआयडीसी गाठायची. संभाजीनगरजवळ शेंद्र्याकडं, बिडकीनकडं सिमेंटचे रुंद रस्ते आहेत, प्लॉट रिकामे आहेत आणि रविवारी सकाळी सहाला तिथं चिटपाखरू नसतं. म्हणजे म्हशींचा एक कळप असतो, आणि रात्रपाळी सुटलेला एखादा कामगार झोपाळल्या डोळ्यांनी सायकलवर असतो, पण ते काही चिटपाखरू नव्हेत. मोकळी कड नाही म्हणून खंत करू नका. गाडी सुटलीच तर थांबवायला नाली आहे, नाली चुकली तर विजेचा खांब आहे.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे. त्यावर आमचा तोडगा सोपा आहे. आम्ही शर्यत म्हणतच नाही, 'टेस्टिंग' म्हणतो. त्या कलमात शर्यतीच्या शेजारीच 'वेगाची चाचणी' हेही शब्द आहेत असं एका वकील दोस्तानं सांगितलं, तेव्हापासून त्याला आम्ही बोलवत नाही. विम्याचे कागदही वाचू नयेत. गाडी कशाकशासाठी वापरायची नाही, याची त्यात यादी असते, आणि रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग तिथं शेजारी शेजारी बसलेले असतात.

आता कोन. विकत मिळतात, महाग नाहीत, पण रस्त्याकडेला फुकट दगड पडलेला असताना पैसे घालायचे म्हणजे बापजाद्यांचा अपमान. आमच्यातला एक म्हणालाच, "कोन कशाला, दगड हायेत की!" डोक्याएवढे दगड निवडा, वर चुना मारा. कोनावरून गाडी गेली तर कोन चेपतो आणि पुन्हा उभा राहतो. दगडावरून गेली तर ऑइल चेंबर फुटतो, काळं तेल दहा फूट रस्त्यावर सांडतं, आणि पुढच्या गाडीवाल्याला घसरायची सोय आपोआप होते. तेलावर माती टाकून झाडू मारायचा असतो. झाडू आणायचं काम प्रत्येकजण दुसऱ्यावर सोपवतो, तेवढं पाळा.

गाडी उंच घ्या. आपल्याकडं ठेंगणी गाडी शिक्षकाची आणि उंच गाडी पुढाऱ्याची, हे ठरलेलं आहे. ऑटोक्रॉसवाले म्हणतात, दोन चाकांमधल्या रुंदीपेक्षा गाडीची उंची जास्त असेल तर ती कोनांमध्ये आणूच नका, डावी-उजवीकडं झटके बसले की कलंडेल. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास अशाच एका चाचणीत उलटली. रस्त्यात अचानक सांबरासारखं जनावर आडवं आलं तर गाडी चुकवता येते का, एवढंच बघत होते. मग कंपनीनं त्या गाड्या परत घेऊन सुधारल्या, घसरण आवरणारी यंत्रणा सगळ्यांना बसवली. तुमच्या गाडीतही तसलं एक बटण असेल. व्हिडिओ चांगला यायचा असेल तर ते आधी बंद करा.

तपासणीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथं माझ्या मामानं आमची फार बदनामी केली.

मामा गावाकडचा, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या वेडातला. शर्यतींवर बंदी होती तेवढी वर्षं तो घरात कुणाशी धड बोलला नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींना मोकळीक देणारा कायदा उचलून धरला तेव्हा पेढे वाटले. एका रविवारी तो आमचा खेळ बघायला आला. गाड्या सुरू, गाणी सुरू. मामानं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "बैल पटात सोडायच्या आधी डाक्टर बघतोय. खूर बघतेत, आखाची खीळ बघतेत. तुमी गाडीचं काय बघितलं रे?"

"पेट्रोल," आम्ही म्हणालो.

मामा धोतर सावरत पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. अलॉय व्हील आदल्याच दिवशी बसवलेले, लखलखीत. त्यानं एकेका नटाला अंगठा आणि दोन बोटं लावून बघितली. पहिला हलला नाही, दुसरा हलला नाही. तिसरा फिरला. पाना न लावता, म्हाताऱ्या माणसाच्या तीन बोटांत तो नट अर्धा आटा फिरला. मामानं वर बघितलं नाही, काही बोलला नाही, बोटं धोतराला पुसली. गाणी कुणीतरी बंद केली.

मामालाही आता आम्ही बोलवत नाही. तुम्हीही असल्या माणसांपासून जपा. चाकाचे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं टॉर्क पान्यावर आवळायचे आणि नवीन चाक बसवल्यावर थोडं चालवून पुन्हा बघायचे, असं जाणकार म्हणतात. आपला गॅरेजवाला पान्यावर उभा राहून उडी मारतो, नाहीतर फोनवर बोलत बोलत हातानं लावून सोडतो. मधलं माप त्याला माहीत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे ना, मग वर्ष कशाला मोजायचं? रबर आजोबांच्या टाचेसारखं कडक झालं की आवाज चांगला येतो.

ब्रेकचं तेल हा तर चर्चेचाच विषय नाही. साधं डॉट ३ तेल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हवेतलं पाणी शोषून बसलं की १४० वर येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. ऑटोक्रॉसमध्ये मिनिटभराची फेरी असते, तेवढ्यात बहुधा निभावतं. पण तुम्ही त्याच गाडीनं खऱ्या ट्रॅकवर जा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते आणि ती सगळी उष्णता होते. चौथ्या-पाचव्या फेरीला तेलात बुडबुडे होतात आणि पेडल गादीवर पाय द्यावा तसं खाली जातं. त्या क्षणी माणूस जो देव आठवतो तो फार मनापासून आठवतो. एवढं करून परत आलात तर गाडी गार होईपर्यंत सावकाश फिरवू नका, आल्या आल्या हँडब्रेक खेचा. तापलेल्या ब्रेकवर पॅड घट्ट धरून बसतात.

हेल्मेट एक पुरे, आळीपाळीनं घालता येतं. कुणाच्या डोक्यात ते घागरीसारखं फिरतं, कुणाला कानावरून उतरतच नाही, पण फोटो सारखेच येतात. मोटारीच्या शर्यतीचं हेल्मेट वेगळं असतं, आतलं अस्तर लवकर पेट घेत नाही आणि लोखंडी पाइपावर आपटून त्याची परीक्षा घेतलेली असते, असं सांगून दुकानदार तुम्हाला लुबाडेल. पाइपावरून आठवलं, गाडीत पाइपांचा पिंजरा बसवून घ्याच. जालन्याची सळई घराघरात गेली, आपल्या गाडीत का नको? गेट-ग्रिल करणारा कुणीही एका दिवसात वेल्डिंग मारून देतो. गाडी उलटली तर पिंजरा छत चेपू देत नाही. आणि न उलटता नुसता झटका बसला तर उघडं डोकं छतावर न आपटता थेट त्याच पाइपावर आपटतं. सोबत चार टोकांचा पट्टा लावा, खांदे सीटला जखडले जातील आणि डोकं एकटं पुढं जाईल. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्टसारखा कसलेला गडी कवटीच्या तळाला तडा जाऊन गेला आणि त्याच वर्षी शर्यती भरवणाऱ्या नासकारनं मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं. आपल्याकडं मानेला गमछा असतो.

प्रेक्षकांना वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं करा. गाडी सुटली की तिकडंच जाते, त्यामुळं रीलमध्ये समोरून येताना दिसते. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीच्या वर माणसं गेली, स्वित्झर्लंडनं त्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली. ते लोक घाबरट. आमच्याकडं पडलेला दगड परत जागेवर ठेवायला सातवीतलं पोरगं आहे, ते गाडीकडं पाठ करून मोबाइल बघत बसतं आणि अजून धडधाकट आहे.

आता तो पोचा. गाडीतल्या सुट्या वस्तू बाहेर काढा, म्हणतात. जॅक, स्टेपनी, पायाखालची मॅट, सगळं. गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीत सीटखाली पाण्याची लिटरची बाटली होती, अर्धी भरलेली. तिसऱ्या वळणाआधी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल निम्म्यात अडकलं. खालून प्लास्टिक कडकडलं. मी खाली बघितलं. खाली बघायचं नसतं, हेही तेव्हाच कळलं. वर बघेपर्यंत एका बंद प्लॉटच्या गेटचा खांब डाव्या दाराशी आला होता. इंजिन बंद पडलं, पाणी पायावरून वाहत होतं, कोमट. वॉचमन आला, दाराकडं बघितलं, खांबाकडं बघितलं आणि म्हणाला, "कामून बेजार करायलाव साहेब, पगार कापतेत माझा."

खांबाचे पैसे दिले. दार अजून तसंच आहे, विमावाल्याला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

घरी जाताना खेळाचा कैफ उतरू देऊ नका. अंगात तोच जोर असताना समृद्धीवर चढा. ७०१ किलोमीटर सरळ रस्ता आहे, १२० ची मर्यादा बोर्डावर लिहिलेली आहे आणि कोनही कुठं नाहीत.

तर येत्या रविवारी पावणेसहाला टपरीवर भेटू. चुना मी आणतो, हेल्मेट आहेच. ऊन कडक आहे, तुम्ही फक्त पाणी आणा. बाटली सीटवर नुसती टाकली तरी चालेल.