तालमीला जागा द्या, मग करंडक मागा

आज भाच्याचा फोन. "मावशी, हॉलला कुलूप लावलं. सहानंतर आवारात थांबायचं नाही म्हणे." पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी तोंडावर आलीय आणि पोरं पार्किंगमध्ये गाडीच्या हेडलाइटवर तालीम करतायत. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पोरांना अजून तिथेच शिकायचंय.

डोकं फिरलंय माझं. करंडक आला की हीच मंडळी गेटवर फ्लेक्स लावणार. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो केवढा आणि पोरांचा केवढा, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

आमच्या वेळी हॉलची किल्ली एका शिपाईकाकांकडे असायची. कुलपाची वेळ टळून गेली तरी ते दारात स्टूल टाकून बसायचे. एकदा आमची नायिका तापाने फणफणली, तर तालमीत तिची वाक्यं काकांनी म्हटली. संहिता हातात न घेता! ओव्हरटाइम कुणी दिला नव्हता त्यांना.

1963 पासून चालू आहे ही स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' घुमतं, ते काय फक्त स्टेजवरच्या चौघांसाठी? लेव्हल्स, म्हणजे स्टेजवरचे चौथरे, उचलणारी, ब्लॅकआउटमध्ये खुर्ची बरोबर खुणेवर ठेवणारी पोरंही त्यात असतात. त्यातली बहुतेक पुढे नाटकात जात नाहीत. बँकेत जातात, दवाखाना काढतात. पण आपलं नाव कुठेही येणार नाही हे माहीत असून दुसऱ्याच्या एंट्रीसाठी जीव टाकायचा, हे कुठल्या तासाला शिकवता तुम्ही?

अटेंडन्स बुडतो, विषय राहून केटी लागते. लागते, मान्य. पुढे.

2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. तो त्यांचा अधिकार. पण तेव्हा पोरांना झोडपायला जे जे सरसावले, त्यातल्या एकाने तरी विचारलं का, की बाळांनो, तालमी कुठे करता?

आणि मुलींच्या सुरक्षेचं कारण तर देऊच नका. हॉलमधून काढून अंधाऱ्या पार्किंगमध्ये उभं केलंत, ही सुरक्षा? काका कुलूप लावून आम्हा मुलींना बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचे, बस सुटेपर्यंत थांबायचे. शिपायाला जे सुचलं ते प्राचार्यांना सुचू नये?

असो. उद्या मी भेटायला जातेय प्राचार्यांना. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी बरोबर येणार असेल तर इनबॉक्स करा. आणि सदाशिव पेठ, नवी पेठ भागात कुणाची गच्ची किंवा सोसायटीचा हॉल रात्री नऊपर्यंत मिळत असेल तर आजच सांगा. पोरं मोठ्याने बोलतील, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.