पोकळीतून प्रकाश निघाला, पण अणू पळाला नव्हता

‘स्वीडनमध्ये अणू जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवून शून्यातून प्रकाश काढला’ असा मजकूर फिरतोय. यात तथ्य अर्धंच. गोटेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात २०११ साली पोकळीतून, म्हणजे निर्वातातून, फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळाले खरे, पण तिथे अणू पळाला नाही. सिद्धांत सांगतो की पोकळीत आरसा अतिवेगाने पुढेमागे हलवला तर प्रकाश निघतो, पण इथे आरसासुद्धा जागचा हलला नाही. सुपरकंडक्टिंग (विजेला रोध न करणाऱ्या) सर्किटच्या टोकाला असलेल्या ‘स्क्विड’ या चुंबकीय क्षेत्राला अतिसंवेदनशील कडीमधलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा बदललं, आणि मायक्रोवेव्ह लहरींच्या लेखी तो पुढेमागे होणारा आरसाच ठरला. ऊर्जाही फुकटची नव्हे, त्या बदलत्या क्षेत्रानेच पुरवलेली. अणूचं म्हणाल, तर नुसता वेग कामाचा नाही, त्वरण, म्हणजे वेगात सतत बदल, लागतं. तेही किती? भौतिकशास्त्रज्ञ उनरू यांच्या १९७६ च्या सिद्धांतानुसार त्वरण असलेल्या वस्तूला पोकळीही उबदार भासते, पण जेमतेम १ केल्विन तापमान जाणवायला पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५ अब्ज गुणिले अब्ज पट!