मोंबासात दोन वाजले तेव्हा

बोटीच्या बाल्कन्यांमध्ये शंभरदीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत आणि आपण बगलेत लाकडी जिराफ धरून धक्क्यावरून पळतोय, ही वेळ वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. माझ्यावर आली. गेल्या मंगळवारी. आणि डोंबिवलीच्या एका काकांनी वरून त्याचा व्हिडिओ काढला, तो त्यांच्या टूरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कसा पोचला ते देव जाणे, पण पोचलाय. सेक्रेटरींनी त्याच्याखाली दंड फुगवलेला हात टाकलाय. हेच सेक्रेटरी गेले दोन वर्षं आमच्या लिकेजच्या तक्रारीला साधा अंगठासुद्धा देत नाहीयेत.

तर थोडक्यात सांगतो. सेशल्सला क्रूझची बोट पकडली, केनियातलं मोंबासा हे बंदर, थांबा सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आणि साडेचारला सगळ्यांनी आत. बोटीवरच्या काउंटरवर त्सावोच्या जंगलाची सहल विकत होते. दोघांचे मिळून जे डॉलर सांगितले त्यात मी एके काळी स्कूटर घेतली होती, वर स्टेपनी. मी म्हणलं आम्ही आमचं बघू. काउंटरवरची पोरगी गोड हसली आणि म्हणाली, जरूर सर, फक्त लक्षात ठेवा, आमच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते, तुम्ही उशिरा आलात तर थांबत नाही. हे वाक्य तिने इतक्या प्रेमाने म्हणलं की ती धमकी आहे हे मला केबिनमध्ये आल्यावर कळलं.

पण माझी तयारी होती. चार महिने तयारी होती. एक्सेल शीट होतं, त्याला रंग होते, त्याचं लॅमिनेशन केलेलं होतं. यलो फीव्हरची लस दहा दिवस नाही, चांगली दोन महिने आधी घेतलेली, कारण केनियाहून परत येताना ते पिवळं कार्ड नसेल तर आपलंच सरकार आपल्याला सहा दिवस कोंडून ठेवू शकतं. त्या कार्डाच्या चार झेरॉक्स होत्या. डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या होत्या, कारण त्या बाजूला जुन्या छपाईच्या नोटा घेत नाहीत. हिचं म्हणणं होतं की एवढ्या मेहनतीत मुलीच्या लग्नाचं बघितलं असतंत तर बरं झालं असतं, पण ते असो. मी हिला वास्को द गामाचं उदाहरण दिलं. १४९८ च्या एप्रिलमध्ये तोही मोंबासालाच आला होता, इथे त्याचं काही जमलं नाही, मग वर मालिंदीला जाऊन त्याने वाटाड्या मिळवला आणि कालिकतला पोचला. म्हणलं बघ, तो काउंटरवरनं सहल घेऊन आला नव्हता. ही म्हणाली, वाटाड्या घेतलाच ना शेवटी.

आणि मी स्वाहिली शिकलो होतो. इथेच सगळा घोळ झाला.

वास्तविक स्वाहिली म्हणजे अर्धी घरचीच भाषा. पैशाला पेसा, दुकानाला दुका, गाडीला गारी, चहाला चाय, चपातीला चपाती, कोशिंबिरीला कचुंबारी. यूट्यूबवर एक बाई शिकवतात, त्यांच्याकडून मी आकडे पाठ केले. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो. सा म्हणजे वाजले. मोजा म्हणजे एक, म्बिली म्हणजे दोन. म्हणजे दोन वाजता हे सा म्बिली. पाचवीतलं पोरगंसुद्धा सांगेल.

बंदराच्या गेटबाहेर रिक्षा उभ्याच होत्या, तिथे त्यांना टुकटुक म्हणतात, पण होती आपली बजाजच, तोच आवाज, तोच मागच्या सीटखालचा धग मारणारा पत्रा. मला इतकं भरून आलं की घासाघीस करायची राहिली. रिक्षावाला तरणा पोरगा, दात पांढरेशुभ्र, मला एकदम बाबू म्हणाला. बाबू! मी हिच्याकडे बघितलं. पुण्यात रिक्षावाला मला काय म्हणतो ते मी इथे लिहू शकत नाही. मोई अ‍ॅव्हेन्यूवर त्या ॲल्युमिनियमच्या हस्तिदंतांच्या कमानी लागतात, इंग्रजी एम केल्यासारख्या, ब्रिटिश राजघराण्यातलं कुणी येणार म्हणून उभ्या केलेल्या. तिथे त्याने स्वतःहून रिक्षा थांबवून आमचा फोटो काढला. फोर्ट जीझसच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा दहा वाजले होते. मी परतीचं पण त्याच्याशीच ठरवलं, अर्धे पैसे आगाऊ दिले आणि छातीठोकपणे म्हणालो, सा म्बिली.

तो म्हणाला, "सा म्बिली?"

मी म्हणलं, "सा म्बिली."

त्याने आकाशाकडे बघितलं, मग किल्ल्याकडे, मग हिच्याकडे, मग मला विचारलं, "उसिकू?"

आता हे उसिकू काही यूट्यूबच्या बाईंनी शिकवलेलं नव्हतं. पण कानाला ते 'इज ओके'सारखं लागलं. मी म्हणलं, "न्दियो, न्दियो." हो, हो. त्याने खांदे उडवले, माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर लिहून घेतला आणि गेला. त्याचा नंबर घ्यायचं मला सुचलं नाही. एक्सेलमध्ये त्याचा कॉलम नव्हता.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतला, भिंती कोरलच्या दगडाच्या, आत तोफा, भांडी, बुडालेल्या जहाजातल्या वस्तू. आम्ही सगळं बघितलं, दाराशी हिने एक लाकडी जिराफ घेतला, गुडघ्याएवढा, त्याची मान सबंध दिवस माझ्या काखेत टोचत राहिली. पावणेदोनला आम्ही दारात उभे. दोन वाजले. सव्वादोन. अडीच. डोक्यावर हे ऊन. समोरून डझनभर रिक्षा 'टुकटुक, टुकटुक' करत जात होत्या आणि मी प्रत्येकाला नको म्हणत होतो, कारण आगाऊ पैसे दिले होते. ही म्हणाली, "अहो, ते गेले समजा." मी म्हणलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. प्रश्न पैशाचाच होता.

तेव्हा तो म्हातारा भेटला.

भिंतीच्या सावलीत एक कॉफीवाला पितळी किटली घेऊन बसला होता, खाली निखारे, आणि शेजारी फळकुटाच्या बाकावर हा म्हातारा. पांढरा कांझू म्हणजे पायघोळ झगा, डोक्यावर भरतकामाची टोपी, मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ. तो तासभर आमच्याकडे सिनेमा बघावा तसा बघत होता. शेवटी त्याने बाकावर हात थोपटला आणि चक्क हिंदीत म्हणाला, "बैठो, माताजी." पन्नास वर्षं हिंदी पिक्चर बघून शिकलोय म्हणाला. त्यामुळे त्याच्या हिंदीत साधं वाक्यच नव्हतं, प्रत्येक वाक्य कोर्टात म्हणल्यासारखं.

"किसका इंतजार है?"

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. दोन वाजता ये म्हणून सांगितलं, तुमच्या भाषेत सांगितलं, आला नाही.

"हमारी भाषा में क्या बोला?"

"सा म्बिली."

म्हाताऱ्याने कॉफीवाल्याकडे बघितलं. कॉफीवाल्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. मग म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"सूरज कब निकला?"

"सहा बजे," मी म्हणलं.

"छे?"

"छे."

"दिन अभी पैदा हुआ," म्हातारा म्हणाला. "बच्चा. नाल भी नहीं कटा. उसकी उमर छे कैसे?"

मी गप्प.

"वो छे घंटे कौन खा गया?"

आता बघा, मी चौतीस वर्षं बँकेत काढली. ऑडिटरने मला नाही नाही ते विचारलंय. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणलं, अहो ते मध्यरात्रीपासून मोजतात. तर तो म्हणतो, "आधी रात में कौन उठके देखता है? चोर?" ही खो खो हसायला लागली. आपल्या नवऱ्याची फजिती परमुलुखात परक्याच्या तोंडून ऐकण्याचा आनंद काय असतो ते मी त्या दिवशी हिच्या चेहऱ्यावर बघितलं.

मग त्याने मनगट पुढे केलं. घड्याळात पावणेतीन झाले होते, आपले. म्हणाला, वाच. मी वाचलं. मग त्याने तासकाट्याच्या टोकावर नख ठेवलं, वाढलेलं, मेंदी लावलेलं, आणि ते काचेवरून हळूहळू सरकवत मधल्या खिळ्यावरून पार समोरच्या बाजूला नेलं. तिथे नऊ होता. म्हणाला, आमचे पावणेनऊ झाले. काटे तेच, वाचायचं उलटं. सूर्य उगवून एक तास झाला की एक वाजला, दोन झाले की दोन. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. आपले दुपारचे दोन म्हणजे त्यांचे आठ, सा नाने. सा म्बिली दिवसाचे एकदाच वाजतात, ते सकाळी आमची बोट धक्क्याला लागत होती तेव्हाच वाजून गेले. "अब दूसरा म्बिली," म्हातारा थांबला, टोपी सारखी केली, "रात में. उसिकू."

उसिकू म्हणजे रात्री. त्या पोराने मला नीट विचारलं होतं, रात्री का? आणि मी दोनदा हो म्हणलो होतो.

ही म्हणाली, "त्यात काय चुकलं त्यांचं? आपलं पंचांगपण सूर्योदयापासूनच की. वार तेव्हाच बदलतो. तुमची आईच घटका मोजायची ना." आता ही आत्ता माझ्या आईला मध्ये आणायची गोष्ट होती का? आणि माझी आई घटका मोजायची पण तिला कुठली बोट पकडायची नव्हती.

मी म्हणलं, बरं, तो मला बाबू म्हणाला, सज्जन वाटला म्हणून विश्वास टाकला. म्हातारा पुन्हा कॉफीवाल्याकडे बघायला लागला. मी ओळखलं, अजून काहीतरी आहे. "बाबू," तो फार हळुवारपणे म्हणाला, "मतलब दादाजी." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "पोले साना." म्हणजे वाईट वाटलं हो. मी एकसष्ट वर्षांचा आहे. म्हातारा ऐंशीचा तरी असेल.

त्याने आम्हाला कॉफी पाजली. बिनकानाचे इवलेसे कप, काळी कडू कॉफी, आल्याचा झटका, बरोबर काशाता, म्हणजे आपली खोबऱ्याची वडीच, पण जरा करपलेली. मी डॉलरची नोट काढली तर कॉफीवाल्याकडे सुट्टे नाहीत, म्हणाला एम-पेसा करा. मी म्हणलं आमच्याकडे यूपीआय आहे, जगात नाव आहे. तो म्हणाला असेल, पण एम-पेसा करा. त्यांचं हे फोनवरून पैसे भरणं २००७ पासून चालू आहे, साध्या बटणाच्या फोनवर, आपलं यूपीआय आलं २०१६ ला. शेवटी म्हाताऱ्याने खिशातनं तसलाच एक डबडा फोन काढला आणि माझ्या कॉफीचे पैसे भरले. डिजिटल इंडियाचा मी एकटा प्रतिनिधी, जिराफ घेऊन बाजूला उभा.

जाता जाता त्याला किल्ल्यातली एक गोष्ट सांगायची हुक्की आली आणि साडेतीन वाजून गेले तरी ही ऐकत बसली. १६९६ च्या मार्चमध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला, तो चालला १६९८ च्या डिसेंबरपर्यंत. आत माणसं रोगाने आणि उपासाने गेली. किल्ला पडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गोव्याहून मदतीची गलबतं पोचली, बघतात तर वर दुसऱ्याचा झेंडा. आली तशी गेली. मी मनात म्हणलं, त्यांनीपण कुणाला तरी स्वाहिलीत वेळ सांगितली असणार.

पावणेचारला दुसरी रिक्षा केली, दुप्पट पैसे. रस्त्यात कंटेनरच्या ट्रकांची ही रांग. गेटवर सव्वाचार, पिवळं कार्ड कुणीही विचारलं नाही, चारही झेरॉक्स तशाच परत आल्या. रिक्षाला आत सोडत नाहीत, बोटीची बस नुकतीच निघून गेलेली. मग पळालो. ही पुढे, मी मागे, जिराफ काखेत, आणि वरून टाळ्या. म्हणजे लोक त्यासाठीच थांबलेले असतात हो. ज्यूसचे ग्लास घेऊन. उशिरा येणारे पळताना बघणं हा क्रूझवरचा खेळच आहे, फुकट. शिडीशी पोचलो तेव्हा चार एकतीस. एक मिनिट! शिडीवरच्या माणसाने घड्याळाकडे बघून जी मान हलवली ती मी विसरणार नाही.

आणि बोट पाचला सुटली नाही.

सहा वाजले, सुटली नाही. त्सावोची बस हायवेला अडकली होती, पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. कॅप्टन स्पीकरवर म्हणाले, आपले काही अतिथी येतायत, धीर धरल्याबद्दल आभार. पावणेआठला बस आली. त्यांच्यासाठी शिडीशी सतरंजी, थंडगार ओले नॅपकिन, संत्र्याचा ज्यूस. तीन तास पंधरा मिनिटं उशीर! एकाही माणसाने टाळी वाजवली नाही. डोंबिवलीचे काका त्याच बसची वाट बघत होते, त्यांच्या साडूंसाठी, त्यांनी मोबाइल खिशातच ठेवला. मी तडक काउंटरवर गेलो. विचारलं, हे काय? पोरगी तशीच गोड हसली. "सर, ते आमच्या सहलीचे गेस्ट." मी म्हणलं, मग मी कोण? म्हणाली, "तुम्हीपण गेस्टच सर, पण स्वतंत्र." मला त्याचं हसू आलं नाही आणि अजून येत नाहीये. पाच म्हणजे पाच, असं असेल तर सगळ्यांना पाच. स्कूटरचे पैसे भरले की पाचाचे आठ होतात आणि नाही भरले की एका मिनिटासाठी मान हलते, हे कुठलं घड्याळ? म्हाताऱ्याचं घड्याळ यापेक्षा सरळ होतं.

केबिनमध्ये आलो. हिने बोटीचं वायफाय घेतलेलं आहे (माझ्या एक्सेलमध्ये ते अनावश्यक खर्चात होतं), त्यावर माझा फोन जोडला. टुंग वाजलं. अनोळखी नंबर. आठ वाजले होते.

फोटो होता. फोर्ट जीझसची भिंत, दिव्याच्या उजेडात पिवळी पडलेली, आणि दारात तीच रिक्षा, पुसूनबिसून चकचकीत केलेली. खाली लिहिलं होतं, "बाबू, सा म्बिली. मी आलोय. तुम्ही कुठे?"

बोट अजून धक्क्यालाच होती. हिने फोटो मोठा करून बघितला, मागच्या सीटवर माझं लॅमिनेट केलेलं एक्सेल पडलं होतं.

"वेळेवर आला की हो," ही म्हणाली.