हप्ता ७१ हजार, तपासणी फी १०० रुपये

गेल्या महिन्यात बायकोला सकाळी उठलं की चक्कर यायला लागली. दोनदा मोरीच्या दारात तोल गेला. सांगलीला नेलं. डोक्याचा स्कॅन झाला, कान बघून झाले, रक्ताच्या चार नळ्या भरून झाल्या, १४ हजार रुपये गेले. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि चक्कर जागच्या जागी.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांच्या घरी गेलो. वय ७४, दिवाळीनंतर त्यांनी दवाखाना बंद केलाय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, गोळ्यांची पिशवी आणलीय का?" पिशवी टीपॉयवर उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागले. दोन पाकिटं बाजूला काढली. एक हार्टच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक शुगरच्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत दोन्हीत टेल्मिसार्टनच, म्हणजे बीपी उतरवणारं एकच औषध. मग बायकोला आडवं करून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर धाडकन खाली. तिथूनच त्यांनी हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला आणि एक गोळी बंद झाली. आठवड्यात चक्कर थांबली. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

दोन्ही स्पेशालिस्टनी आपापलं काम चोख केलं होतं. सगळी पिशवी बघणं हे मात्र कुणाचंच काम उरलेलं नाही.

डॉक्टरांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथे नवा डॉक्टर का बसला नाही यावर आमच्या विट्यात पारावरचं ठरलेलं मत असं, की हल्लीच्या पोरांना सेवाभाव नाही, पैसा पाहिजे. मला या वाक्याची चीड येते. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ९ कर्जविभागात. या पोरांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्यात.

एक सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. वडील गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातले, दुकान तामिळनाडूत. पोराचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेज मिळालं, फी वर्षाला १२ लाख, साडेचार वर्षांचे ५४ लाख. (अभिमत विद्यापीठांत वर्षाला २०-२५ लाख लागतात, त्या फायली बघूनच मला घाम फुटायचा.) साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की तारण आलं. विट्यातला प्लॉट तारण ठेवला, ४५ लाख मंजूर झाले. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू. १० टक्क्यांनी सरळव्याज धरलं तरी हप्ता सुरू होताना आकडा ६६ लाखांवर जातो. १५ वर्षांत फेडायचं तर महिन्याला ७१ हजार.

आता हाच पोरगा आमच्या डॉक्टरांच्या गाळ्यात बसला असं धरू. रोज ४० पेशंट, फी १०० रुपये. जास्त घेतली तर लोक पलीकडच्या गल्लीत जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १ लाख जमले. गाळ्याचं भाडं, कंपाउंडर, इंजेक्शनं, औषधं, जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे, लाईट वजा जाता हातात ५०-५५ हजार. हप्त्यालाच कमी पडतात, जेवायचं काय? आणि ४० पेशंट पहिल्या दिवशी येत नाहीत. आमच्या डॉक्टरांना ती गर्दी जमवायला सात-आठ वर्षं लागली होती. त्यांना ते परवडलं, कारण ते मिरजेच्या सरकारी कॉलेजात शिकले आणि सगळ्या शिक्षणाला मिळून वडिलांची एक बैलजोडी गेली.

तेव्हा पोरगा नीट-पीजीच्या, म्हणजे एमडीच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासला बसतो. एमडी मिळालं तर रेडिओलॉजी नाहीतर स्किन. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं आणि बँकवाला म्हणून त्याला सल्लाही तोच दिला असता. आम्ही फाईल मंजूर करतो तेव्हा परतफेड कशातून होणार ते बघतो. 'गावात दवाखाना टाकणार' असं कुणी लिहून दिलं असतं तर मी साहेबांपुढे ठेवताना दहादा विचार केला असता. म्हणजे फॅमिली डॉक्टर हद्दपार करण्यात माझ्या सहीचाही हातभार आहे.

'कॉलेजं वाढवा' हे उत्तर झालंय वापरून. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, आज लाखाच्या वर आहेत. त्यातल्या खासगी जागांवर शिकलेले अनेक जण असा हप्ता घेऊनच बाहेर पडतात.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. भत्ते धरले की पगार वाईट नाही. पण ७१ हजारांचा हप्ता गेल्यावर उरतं किती? मापाने ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र, गळकं क्वार्टर, पोरांना शाळा नाही आणि रात्री अडलेली बाई आली की हे एकटेच. सरकारी कॉलेजातून निघालेल्यांना एक वर्षाची बॉण्डची सेवा आहे, टाळली तर १० लाख दंड. धाक दाखवून वर्षभर माणूस बसवता येतो. पिशवी ओळखणारा डॉक्टर वर्षात तयार होत नाही.

मोकळी जागा रिकामी राहत नाहीच. आमच्या गल्लीत बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर ती चालवतात. त्यातले काही फार चांगले आहेत, त्यांना नावं ठेवायला मी लिहीत नाही. मात्र १०० रुपयांत घर चालत नसेल तर स्कॅन सेंटरचं पाकीट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचा कट, खुणावतं, मग डिग्री कुठलीही असो. कटप्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ साली राज्यात तयार झाला होता. फी ठरवताना आपण घासाघीस करतो आणि तेच पैसे, किंबहुना जास्तच, कटातून भरतो.

माझं म्हणणं साधं आहे. दंडाऐवजी हप्ता उचला. एमबीबीएस किंवा फॅमिली मेडिसिन केलेला डॉक्टर तालुक्याच्या गावात किंवा आरोग्य केंद्रात जितकी वर्षं बसेल, तितकी वर्षं त्याचा हप्ता सरकारने भरावा. अमेरिकेत नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर म्हणून अशी योजना आहे. डॉक्टर कमी असलेल्या भागात प्राथमिक सेवा द्यायची आणि शिक्षणकर्जाचा मोठा हिस्सा सरकारने फेडायचा. तिकडचा तुटवडा त्याने संपलेला नाही हे खरं, कारण तिथेही स्पेशालिस्टची कमाई फॅमिली डॉक्टरच्या कितीतरी वर आहे. तरी निदान पोराला निवडायची मुभा राहते. आपल्याकडे २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. इंजिनीअरिंगला ठीक आहे. ५४ लाखांच्या फीपुढे चिंचोके.

गलाईवाल्याच्या पोराचा मध्ये फोन आला होता. दुसऱ्यांदा परीक्षा देतोय. हप्ता सहा महिने पुढे ढकलता येईल का विचारत होता. मी रिटायर झालोय हे त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

काल संध्याकाळी पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ओट्यावर चार जण पिशव्या घेऊन बसलेले. डॉक्टर पैसे घेत नाहीत, म्हणून एकाने शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. आतून डॉक्टरांच्या पत्नीचा आवाज आला, "दवाखाना बंद केलात म्हणे, मग हा चहा मी कुणाकुणाला करायचा?"