बेबिंका कुणाचा, आणि त्याचे थर का सुटतात

बेबिंका या गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाचा उगम आणि त्याची ओव्हनमधली कृती मी लिहिली होती, त्यावर तुमचे आक्षेप दोन. बेबिंका जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाच्या बेबियाना नावाच्या ननने केला हे सगळ्यांना ठाऊक असताना मी त्यात मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) आणि फिलिपीन्स का आणले, हा पहिला. थर सुटे झाले, म्हणजे ओव्हनमधला बेबिंका खराच नव्हे, हा दुसरा.

बेबियानाची गोष्ट मला निम्मी पटते. पोर्तुगालमधल्या मठांत अंड्याच्या पांढऱ्याने कपड्यांना खळ करत आणि उरलेल्या बलकांत साखर घालून गोडधोड होई. सांता मोनिका मठाची उभारणी १६०६ साली सुरू झाली, तेव्हा ती रीत तिथे पोचणारच. पण बलक आणि साखर बाजूला ठेवली की उरतो नारळाचा रस आणि वरून दिलेला निखारा. हे पोर्तुगालचं नव्हे. फिलिपीन्समध्ये नाताळाआधीच्या पहाटेच्या मिस्सांना चर्चबाहेर बिबिंगका विकतात, तांदळाच्या पिठाचा आणि नारळाच्या रसाचा, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला. चीनच्या किनाऱ्यावरच्या, पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या मकावमध्येही नारळाच्या रसाचा बेबिंका होतो. मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगीजांकडे होतं आणि तिथली जहाजं गोव्याला लागत. इतक्या बंदरांत ज्याची भावंडं आहेत, तो पदार्थ एकाच मठात जन्मला असं मी मानत नाही. गोव्याच्या बेबिंक्याला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते योग्यच, कारण एकावर एक भाजलेले थर ही गोव्याच्या बेबिंक्याची ओळख.

आता थर. प्रमाण पुन्हा देतो: १० बलक, नारळाचा पहिला घट्ट रस ४०० मिली, साखर २५० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, अर्धं जायफळ, चिमूटभर मीठ. साखर आधी रसात पूर्ण विरघळवा. कण राहिले तर वरच्या आंचेत जळून काळे ठिपके पडतात. मिश्रण गाळून अर्धा तास ठेवा. १८ सेंमीच्या भांड्यात दोन चमचे तूप कडकडीत तापवून पाऊण वाटी मिश्रण ओता. हा पहिला थर १८० अंशांवर भाजा. पुढे मात्र खालची कॉइल बंद, फक्त वरचं ग्रिल. ओव्हन खोटा नाही, खालची आंच चुकीची. ती चालू राहिली तर सात थरांच्या बेबिंक्यात तळचा थर सात वेळा भाजला जातो आणि चामट होतो. पूर्वी मातीच्या भांड्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत ते याचसाठी.

थर गडद बदामी झाला की लगेच चमचाभर पातळ तूप सगळीकडे फिरवा आणि तो गरम असतानाच पुढचं मिश्रण घाला. तुमचं बहुधा इथेच बिनसलं. थर निवला की तूप थिजून पापुद्रा होतो आणि वरचं मिश्रण धरत नाही. तुपाचं तळं साचलं तरी तेच होतं, म्हणून जास्तीचं तूप काढून घ्या. डब्यातला पातळ नारळरस वापरला असेल तर थराला पाणी सुटतं, ते वेगळं दुखणं.

झाल्यावर भांडं उपडं करून बेबिंका रात्रभर निवू द्या. गरम कापलात तर चांगले धरलेले थरही सुरीबरोबर ओढले जातात.