अर्धी खतं

रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला बायकोबरोबर भेळ खात उभा होतो. आमच्या नाटकाच्या ग्रुपमधला एक मुलगा भेटला, नुकतंच लग्न झालेला. म्हणाला, "दादा, तुम्ही हे सगळं कसं जमवता हो? घर, धंदा, एकांकिका, वर विपश्यना. माझी नोकरी आणि तालीम या दोघांतच दमछाक होते." झालं, मी लगेच गुरुजी झालो. पहाटे उठणं, वेळ वाटून घेणं, मन एका जागी बसवणं, असं पाच-सात मिनिटं तरी बोललो असेन. बायको पुरीने भेळ उचलत शांतपणे ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "मुनीमबाईंचं नाव राहिलं की घ्यायचं."

म्हणून ही पोस्ट. त्याला तिथे जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

वागळे इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. मिठाईची खोकी बनवतो. डुप्लेक्स बोर्ड येतो, छापून घेतो, पंचिंग आमच्याकडे, पेस्टिंगला सहा बायका. वर्षाचा निम्मा धंदा नवरात्र ते दिवाळी. माल उधारीवर जातो. २००६चा लघुउद्योगांचा कायदा म्हणतो की फार तर ४५ दिवसांत पैसे द्या. आमची गिऱ्हाइकं म्हणतात, तुळशीचं लग्न होऊ दे. कायदा दाखवला तर पुढच्या वर्षी ऑर्डर दुसऱ्याकडे. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. तारीख मिळत नव्हती, मिळाली ती ऐन सीझनच्या तोंडावरची. घरात वाद झाला. मी म्हणालो, ही साधना शिकवणारे गोयंकाजी स्वतः व्यापारी होते, मुलाबाळांचे होते. त्यांचे गुरू ऊ बा खिन तर बर्माचे अकाउंटंट जनरल, सरकारी हिशेब सांभाळून कचेरीतच साधना शिकवायचे. संसार आणि साधना आड येत नाहीत, हेच तर ते दाखवून गेले. बायको म्हणाली, "त्यांच्याकडे मुनीम असतील. तुझ्याकडे कोण आहे?" मी हसलो आणि बॅग भरली.

शिबिर उत्तम झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फोन पहिल्याच दिवशी जमा, पहाटे चारला घंटा, वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं, सातव्या दिवशी श्वास नुसता नाकाशी जाणवत राहिला आणि कारण नसताना रडू आलं. घाट उतरून घरी आलो तो हलका होऊन.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर जाऊन रजिस्टर उघडलं. बायकोचं अक्षर बारीक, घाईचं. टेम्पो किती वाजता आला, कुणाला किती गठ्ठे गेले, गम संपला, पंचिंगचा मुलगा दोन दिवस आला नाही. एका नोंदीपुढे वेळ लिहिली होती, रात्री १.४०. आणि त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात अक्षर बदललेलं. गोल, सुटं, अनुस्वार टिंबाऐवजी छोट्या वर्तुळासारखा. 'पाव किलो, २४ गठ्ठे. अर्धा किलो, १५ गठ्ठे.' लेकीचं अक्षर. ती तेव्हा नववीत होती. तारीख पाहिली, तर दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. आई गठ्ठे मोजत होती आणि ही लिहून घेत होती, पावणेदोन वाजता, वागळे इस्टेटमध्ये.

मला दोघींपैकी कुणीही काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी कदाचित शांतपणे, समतेने वगैरे ऐकून घेतलं असतं. ते सुदैवाने टळलं.

तेव्हापासून तुकोबांची एक गोष्ट मला वेगळी दिसते. गाथा बुडवल्याची नव्हे, त्याआधीची. दुष्काळात दुकान बसलं, घरची माणसं गेली, मन संसारातून उठलं. तेव्हा त्यांनी घरातली कर्जखतं काढली आणि इंद्रायणीत सोडली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण परंपरेने सांगितलेल्या गोष्टीत त्याआधी एक वाक्य आहे. धाकटा भाऊ कान्होबा, त्याच्या वाटणीची अर्धी खतं त्यांनी आधी बाजूला काढून त्याला दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. एवढा विरक्त माणूस, पण वाटण्या चोख. आम्ही शिबिराला जातो, तालमीला जातो, कुणी दिंडीबरोबर पंढरपूरला जातो, आणि खुशाल अख्खी पेटी नदीत लोटतो. तिच्यात बायकोची झोप असते, पोरीचा पेपर असतो.

आणि आवली. कीर्तनात तिची नक्कल झाली की मंडप हसतो, मीही हसायचो. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्याला शोधत भाकरी घेऊन चढणारी बाई ती. आता हसू येत नाही.

'समतोल' या शब्दावर म्हणूनच माझा राग आहे. तो शब्द ऐकला की चार पारडी डोळ्यांसमोर येतात, पण तराजू कुणी हातात धरलाय ते दिसत नाही. आमच्याकडे तो बायकोने धरला होता, आणि तिची स्वतःची गाण्याची विशारद लेकीच्या जन्मापासून अर्धवट पडली होती.

आता काय बदललं? फार नाही. शिबिर फेब्रुवारीत किंवा नाहीच. सकाळी घरी तासभर बसतो, तेही दूधवाला येऊन गेल्यावर, कारण दार मीच उघडायचं ठरलंय. एकांकिका पाडव्यापासून पहिल्या प्रवेशातच अडकलीय. स्पर्धेची तारीख निघून गेली, वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि गुरुवारी पाच वाजता बायको नौपाड्याला क्लासला जाते. गाळा बंद होईपर्यंत मी आणि नंतर स्वयंपाकही मी.

परवाच्या गुरुवारी नेमका पाचला टेम्पो आला. तिने पर्स खांद्याला लावली होती. एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रिक्षाला हात केला.

साडेआठला घरी आली तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरून भाताची पेज केली होती. "बाईंनी आज पुन्हा यमनच घ्यायला लावला," म्हणाली, "गळा पार गंजलाय म्हणे." सांगताना खूश होती. मग पेज वाढून घेतली, मी घरी आणलेलं रजिस्टर पुढे ओढलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, "हे सहा गठ्ठे कुठे गेले?"